हंगामाआधी जुनी पिकअप घेताना: काय तपासावे आणि दुरुस्तीला किती खर्च धरावा

परतीचा पाऊस थांबला की नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांत जुन्या पिकअपच्या सौद्यांना वेग येतो, कारण लाल कांदा बाजारात नेण्याआधी आणि जानेवारीत द्राक्षाची तोडणी सुरू होण्याआधी गाडी दारात हवी असते. या घाईत नवा रंग, नवे सीट कव्हर आणि मीटरवरचे किलोमीटर पाहून किंमत ठरते. मीटर मागे फिरवता येतो आणि रंग दोन दिवसांत मारता येतो, म्हणून या तिन्ही गोष्टींना फारसे महत्त्व देऊ नये. गाडीची किंमत आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती हा एकच खर्च समजून, पाच-सात वर्षे वापरलेल्या गाडीसाठी निदान 40 ते 60 हजार रुपये बाजूला ठेवूनच बोलणी सुरू करावीत. पुढे दिलेले आकडे खासगी गॅरेजचे ढोबळ अंदाज असून मॉडेल, गाव आणि सुटे भाग कंपनीचे की स्थानिक, यांवर ते बदलतात.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आदल्या रात्रीपासून ती सुरू करू नये, असे मालकाला आधीच सांगावे. इंजिन गरम करून ठेवले असेल तर खरा दोष कळत नाही. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू झाले पाहिजे. एक्सलेटर दिल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे, काळा धूर असेल तर एअर फिल्टर किंवा इंजेक्टरचा दोष संभवतो, आणि इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर थांबत नसेल व रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधील सील) संशय घ्यावा. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडल्यावर धूर जोराने बाहेर फेकला जात असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. अशा गाडीला मेकॅनिक ज्याला हाफ काम म्हणतात, म्हणजे क्रँक न काढता पिस्टन, रिंगा वगैरे बदलणे, ते 35 ते 60 हजारांत होते, आणि फुल इंजिन कामाचा खर्च 80 हजारांपासून सव्वा लाखापर्यंत जाऊ शकतो. इतका खर्च समोर दिसत असताना विक्रेत्याने पाच-दहा हजार कमी केले, तर ती सूट नव्हे.

आपल्या भागातील निम्म्याहून अधिक गरम होण्याच्या तक्रारी मला पाण्यातून आलेल्या वाटतात. विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतल्याने नळ्यांत आणि इंजिनाच्या पाणीवाटांत क्षार साचतात. गाडी गावात नीट चालते, पण वाशीच्या बाजाराला माल घेऊन गेल्यावर परतताना कसारा घाटात तिचा काटा वर चढतो. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे आणि आत गंज, पांढरा थर किंवा तेलाचा तवंग आहे का, हे पाहावे. रेडिएटर साफ करायला एक-दोन हजार, नवा बसवायला साधारण सहा ते बारा हजार, तर हेड काढून फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) व गॅस्केट करायला दहा ते अठरा हजार रुपये लागतात. ‘थर्मोस्टॅट (इंजिनाच्या तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाका, गाडी तापणारच नाही’ हा सल्ला स्वीकारू नये, कारण त्याने मूळ अडथळा तसाच राहतो आणि इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नसल्याने डिझेल जास्त लागते. साफसफाईनंतर कूलंटच भरावे.

चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तपासायला गाडीखाली झोपावेच लागते. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ व केबिनच्या मागे वेल्डिंगचे ठिगळ दिसले, किंवा सपाट जागेवर उभी असलेली रिकामी गाडी एका बाजूला झुकली, तर ती क्षमतेपेक्षा जास्त माल वाहत होती, असे समजावे. 1,300 किलो क्षमतेच्या पिकअपमध्ये क्रेटसह 22 किलो भरणारे टोमॅटोचे 59 क्रेट बसतात; बाजारात शंभर क्रेट घेऊन येणाऱ्या गाड्या आपण सर्वजण पाहतो. तुटलेला पाटा दोन-अडीच हजारांत बदलता येतो, पण तडकलेली चासी असलेली गाडी कोणत्याही किमतीला घेऊ नये. उताराऐवजी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये चालवून पाहावी: इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच संपला आहे, प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंगसह आठ ते बारा हजार रुपये धरावेत. पावसाळ्यात चिखलात फिरलेल्या गाडीच्या मागच्या ब्रेक ड्रममध्ये माती साचते आणि व्हील सिलिंडर गळतात, म्हणून ड्रम उघडून पाहण्याचा आग्रह धरावा.

1 एप्रिल 2020 नंतर विकल्या गेलेल्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे कडक मानक) गाड्यांचा धूर तपासून उपयोग नाही, तेथे स्कॅनर लावणारा मेकॅनिकच न्यावा. चारपैकी एक जरी इंजेक्टर नवा घ्यावा लागला, तरी मोठी रक्कम जाते. ज्या मॉडेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, तेथे तो शेत ते बाजार अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांनी लवकर तुंबतो. ज्यांच्या फेऱ्या इतक्याच आहेत, त्यांनी थोडी जुनी पण साधी गाडी पाहिलेली बरी.

कागदांमध्ये आरसी, विमा, थकीत ई-चलान, बँकेचे ना-हरकत पत्र आणि फिटनेसची मुदत पाहावी. मालवाहू गाडीला आठ वर्षे होईपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. पैशांचा शेवटचा हप्ता मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या झाल्यावरच द्यावा आणि चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवून घ्यावा.