मंडळीची सेवा आणि शाळेची नोकरी : सीमाभागातील नव्या शिक्षकांसाठी

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी जून २००८ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेचे सचिव आणि आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब ही एकच व्यक्ती होती. त्यांनीच माझे दृढीकरणाचे (ख्रिस्ती विश्वासाच्या जाहीर कबुलीआधीचे) वर्ग घेतले होते आणि माझ्या वडिलांच्या अंत्यविधीची प्रार्थनाही त्यांनीच केली होती. अशा माणसाकडे नियुक्तीपत्र मागावे, हे माझ्या मनातही आले नाही. बेळगाव भागात १८२० मध्ये लंडन मिशनचे काम सुरू झाले आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्ट मिशनकडे आले. तेव्हापासून आमच्याकडे शाळा आणि मंडळी एकाच अंगणात वाढल्या. त्या अंगणात लहानाची मोठी झालेली मुलगी शिक्षिका होते, तेव्हा आपण नोकरीला लागलो की सेवेला, हा प्रश्न तिला पडतच नाही. माझी सगळी अडचण या न पडलेल्या प्रश्नातूनच सुरू झाली.

डी.एड. किंवा बी.एड. कसे करावे, अर्ज कुठे भरावा, हे तुम्हाला ठाऊकच असेल, म्हणून त्यात शिरत नाही. मला सांगायचे आहे ते कागदाविषयी. सहा वर्षे मी सोमवार ते शनिवार चौथी आणि पाचवीचे वर्ग शिकवले आणि रविवारी सकाळी रविवारशाळा घेतली. डिसेंबरमध्ये कॅरलच्या फेऱ्यांना गेले, उपासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या दिवसांत, संध्याकाळच्या भक्तींना पेटी वाजवली. दरमहा एका व्हाउचरवर सही घेऊन मला रोख रक्कम मिळे आणि त्यावर ‘मानधन’ एवढेच लिहिलेले असे. २०१४ मध्ये एका अनुदानित शाळेतील जागेसाठी अर्ज केला, तेव्हा तेथील लिपिकाने नियुक्तीपत्र, वेतनाचा पुरावा आणि अनुभवाचा दाखला मागितला. मला मिळालेल्या दाखल्यात ‘मंडळीच्या शैक्षणिक व आध्यात्मिक कार्यात निष्ठेने सहभाग’ असे शब्द होते. ते शब्द खरे होते, मनापासून लिहिलेले होते, आणि त्यांच्या आधारे माझ्या सहा वर्षांतील एक दिवसही नोकरीचा म्हणून मोजला गेला नाही. शिक्षकांच्या हजेरीपटावर माझ्या सह्या नव्हत्या आणि शिक्षण खात्याकडे जाणाऱ्या यूडायसच्या (शाळा व शिक्षकांच्या सरकारी नोंदणीच्या) माहितीत माझे नावही नव्हते.

म्हणून रुजू होण्याच्या दिवशीच लेखी नियुक्तीपत्र घ्या आणि त्यात पद, रुजू झाल्याची तारीख, वेतन आणि कामाचे तास स्पष्ट लिहून घ्या. वेतन बँकेतूनच मागा. ते कमी असेल तरी चालेल, पण त्याला वेतनच म्हटले पाहिजे, मानधन नव्हे. हजेरीपटावर रोज सही करा आणि वर्षातून एकदा यूडायसमध्ये आपले नाव, पात्रता आणि रुजू तारीख बरोबर आहे का, हे मुख्याध्यापकांसमोर बसून पाहून घ्या. उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि शिक्षकांना त्याचा लाभ ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी रीतीने मिळाला. पाच वर्षे सलग काम केलेल्या शिक्षकाला नोकरी सोडताना प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळण्याचा हक्क आहे. माझी सहा वर्षे भरली होती, पण ती भरल्याचे दाखवणारा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. मंडळीसाठी जे काम कराल ते आनंदाने करा, मात्र त्याची नोंद मंडळीच्या इतिवृत्तात होऊ द्या आणि शाळेच्या कामाची नोंद शाळेत. ‘देवाच्या कामाला कागद कशाला’ असे कोणी म्हणाले, तर बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही मंडळी किती जपून ठेवते, याची त्यांना नम्रपणे आठवण करून द्या.

हे वाचून कोणी मंडळीपासून दूर जावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. माझ्या वर्गातील एका मुलाचे आईवडील बांधकामाच्या मजुरीसाठी गोव्यात असत आणि तो आजीजवळ राहत असे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की तो चार-चार दिवस शाळेत येत नसे. आमच्या महिला मंडळातील दोघी आळीपाळीने त्याला ओढ्यापलीकडून घेऊन येऊ लागल्या. ते कुटुंब ख्रिस्ती नव्हते आणि त्याचा कोणी विचारही केला नाही. मला एकटीला हे कधीच जमले नसते. शिक्षकाच्या पाठीशी अशी मंडळी उभी असणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती कोणत्याही पगारात मिळत नाही.

मात्र वर्गात उभे राहिल्यावर आपण शिक्षक आहोत, प्रचारक नाही. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आमच्या वर्गांत मराठा, लिंगायत, मुस्लिम अशा सगळ्या घरांतील मुले असतात, आणि त्यांच्या आईवडिलांनी ती विश्वासाने आपल्या हाती दिलेली असतात. या बाबतीत मी कोणाचीही सबब ऐकून घेत नाही.

दुसरी गोष्ट कन्नडची. शाळा मराठी, मंडळी मराठी, मग कन्नड कशाला, असे मी अनेक वर्षे म्हणत राहिले, आणि ती माझीच चूक होती. खात्याची सुत्तोले, म्हणजे परिपत्रके, कन्नडमध्ये येतात, प्रशिक्षणे कन्नडमध्ये होतात, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयातील बोलणे कन्नडमध्ये चालते. २०१५ च्या कायद्याने कन्नड हा विषयही शाळांमध्ये सक्तीचा झाला. सीमाप्रश्नावर तुमचे मत काहीही असो, सुत्तोले वाचता न येणारा शिक्षक स्वतःच्या हक्काची ओळही दुसऱ्याकडून वाचून घेतो. झटपट भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांवर माझा विश्वास नाही. मला कन्नड शिकवले ते एका निवृत्त कन्नड शिक्षिकेने. त्या दर शनिवारी दुपारी माझ्यासमोर एक जुने सुत्तोले ठेवीत आणि मी ते मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगत असे. आठ महिन्यांत माझी भीती गेली. मार्गदर्शक निवडायचा असेल तर मोठ्या पदाचा माणूस शोधू नका. दर आठवड्याला तासभर वेळ देणारा शोधा.

टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालील शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, आमच्या संस्थांमध्ये एक वाक्य अजूनही फिरते, की आपली संस्था अल्पसंख्याक आहे, आपल्याला ती लागत नाही. त्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवले होते हे खरे, परंतु १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात त्याच मुद्द्याचा फेरविचार व्हावा म्हणून तो मोठ्या पीठाकडे पाठवण्याची भूमिका न्यायालयाने घेतली, आणि अन्य शाळांमधील कार्यरत शिक्षकांनाही टीईटी आवश्यक ठरवली. शिवाय नोकरी बदलायची वेळ आली, तर हातात प्रमाणपत्र असलेले बरे. परीक्षा १५० गुणांची असते. माझ्यासारख्या कर्नाटकच्या मागासवर्ग यादीतील ३ब प्रवर्गाच्या उमेदवाराला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात, तर अनुसूचित जाती, जमाती आणि प्रवर्ग १ यांना ५५ टक्के. पहिल्या खेपेस मला ८४ गुण मिळाले, कारण बालविकासाचे ३० गुण मी गाईडमधील प्रश्नोत्तरे पाठ करून मिळवायला गेले होते. दुसऱ्या खेपेस शाळेची पाठ्यपुस्तके पहिल्यापासून वाचली आणि उत्तीर्ण झाले. नापास झालात तर खचू नका, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि परीक्षा पुन्हा येते.

मार्च-एप्रिलमध्ये मात्र फार ओढाताण होते, कारण पवित्र आठवडा आणि एस.एस.एल.सी. (दहावीची) परीक्षा जवळजवळ येतात. त्या दिवसांत मी पाळकसाहेबांना जानेवारीतच सांगून ठेवते की गुड फ्रायडेचे एक वाचन मी करीन, बाकी संध्याकाळ मुलांची. पहिल्या वर्षी त्यांना वाईट वाटले, नंतर त्यांनीच माझ्यासाठी एक वाचन राखून ठेवायला सुरुवात केली.

गेल्या डिसेंबरमध्ये कॅरलची फेरी संपल्यावर आमच्याच मंडळीतील एक तरुण शिक्षिका माझ्याकडे थांबली. तिच्या पिशवीत दोन वर्षांची व्हाउचरे होती आणि प्रत्येकावर ‘मानधन’ लिहिलेले होते. आम्ही दोघींनी त्याच रात्री नियुक्तीपत्रासाठी अर्ज लिहिला, त्याची प्रत काढून ठेवली आणि सोमवारी तिने तो कार्यालयात देऊन पोच घेतली. नाताळच्या सुट्टीनंतर तिला पत्र मिळाले. त्यात वेतनाचा आकडा आहे, कामाचे तास आहेत आणि रविवारशाळेचा उल्लेख नाही. रविवारी ती नेहमीप्रमाणे मुलांना गाणी शिकवायला आली होती.