दिवस राहत नसतील तर झोपेचीही वही ठेवा

दिवस राहत नाहीत म्हटलं की सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं. रात्री घोरता का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. बाईचं घोरणं म्हणजे घरात चेष्टेचा विषय, त्यामुळे तीही आपणहून सांगत नाही.

अंडाशयाला 'बीज तयार कर' हा निरोप मेंदूतून ठरावीक लयीत जातो, आणि झोप-जागेचं घड्याळही मेंदूतच असतं. पाळ्यांमध्ये (कामाच्या!) राबणाऱ्या बायकांची मासिक पाळी अनियमित होण्याचं प्रमाण जास्त आढळतं. याचा अर्थ चार रात्री जागलं की वंध्यत्व येतं असा नाही. तशी भीती घालणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

आधी वही. दोन महिने, एकाच पानावर झोप आणि पाळी. उदाहरणार्थ: 'मंगळवार, पाळीचा 12वा दिवस. 11ला आडवी, 1ला डोळा लागला, 3ला जाग. सकाळी डोकं जड. चहा 4 कप, शेवटचा 7ला.' एवढं पुरे. स्मार्टवॉचच्या 'गाढ झोपे'च्या आकड्यांवर फार विसंबू नका.

मग वही वाचा. आठवड्यातून 3 रात्री झोप लागत नाही किंवा मोडते आणि असं 3 महिने चाललंय, तर तो निद्रानाश. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, तर शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासायला सांगा.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकेदुखी, दुपारी पेंग ही स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबण्याच्या आजाराची, लक्षणं. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा विकार) असेल तर याकडे काणाडोळा नकोच, कारण या बायकांत अ‍ॅप्निया जास्त आढळतो. 2023च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शक सूचनांतही ही लक्षणं विचारा, असं डॉक्टरांना सांगितलंय. अंगानं बारीक असलात तरी अ‍ॅप्निया होऊ शकतो. नवऱ्याला विचारा, नाहीतर उशाशी फोनवर रेकॉर्डिंग लावा. या आजाराची तपासणी, स्लीप स्टडी, हल्ली घरीही होते. झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन लावल्यानं दिवस राहतीलच अशी हमी नाही, पण अ‍ॅप्निया असताना गरोदरपणी रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो. तो आधीच आटोक्यात आलेला बरा.

निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नव्हे, सीबीटी-आय ही वर्तनोपचाराची पद्धत. तोवर उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. सासूबाईंच्या डब्यातली झोपेची गोळी तर मुळीच नको. मूल हवं असताना कोणतंही औषध, आयुर्वेदिक असलं तरी, डॉक्टरांना विचारूनच.

रात्रपाळी सुटणार नसेल तर निदान ती दर दोन दिवसांनी बदलू नका, सलग मागून घ्या. दिवसा झोपताना जाड पडदे लावा.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या, पण ती भरायची म्हणून थांबू नका. वय 35च्या आत असेल तर वर्षभर आणि 35 झालं असेल तर 6 महिने प्रयत्न करून जायचंच. पाळीच अनियमित असेल तर त्याही आधी. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत होऊ द्या. आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासायला सांगितलं तर उठल्या-उठल्या लॅबमध्ये धावू नका. ते झोपेत वाढतं, त्यामुळे जाग आल्यावर दोन-तीन तासांनी रक्त द्या. रात्रपाळी करून आला असाल तर कधी झोपलात तेही तिथे सांगा.