श्रीमंतांच्या खुनाची सुपरहिरो चित्रकथा कशी रचावी

पहिली चौकट रेखाटण्यापूर्वी मृताची मालमत्ता कोणाकडे जाणार, हे लिहून काढावे. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या चित्रकथा-मासिकाच्या मे १९३९ च्या अंकातील बॅटमनची पहिली कथा सहा पानांची खूनकथाच होती. रसायन कंपनीच्या भागीदारांचे खून होतात, आणि पोलीस आयुक्तांसोबत घटनास्थळी आलेला आळसावलेला श्रीमंत तरुणच मुखवट्यामागे आहे, हे अखेरीस उघड होते.

आपली कथा नेरूळच्या खाडीकाठी घडते असे धरू. मृत व्यक्ती ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखानदार आहे आणि नायक त्याचा पुतण्या. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २५ नुसार खून करणारा वारस मृताच्या मालमत्तेला मुकतो. म्हणून खुनी केवळ काकाला मारून थांबत नाही, तर आळ पुतण्यावर येईल अशी व्यवस्था करतो, जेणेकरून त्याचाही वाटा आपल्याकडे यावा. त्या रात्री नायक मुखवटा चढवून दुसरीकडे होता, त्यामुळे स्वतःचा ठावठिकाणा त्याला सांगता येत नाही. श्रीमंती आणि गुप्त ओळख यांची अशी गाठ पडली नाही, तर नायकाचा बंगला नुसती सजावट ठरतो.

मनातले ओळखण्याची शक्ती मात्र नायकाला देऊ नये. दुसऱ्याच पानावर कथा संपेल.

मुख्य धागा चित्रातच लपवावा, कारण कादंबरीकाराला न मिळणारी ही सोय आपल्याला आहे. खाडीतील भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्याभरात ती जवळपास सहा तासांनी बदलते. आपण रात्री नऊला घरीच होतो, हे दाखवण्यासाठी खुनी आठवडाभर आधीचे छायाचित्र पुढे करतो. खुनाच्या रात्री त्या वेळी खाडी काठोकाठ भरलेली होती. छायाचित्रातील खिडकीबाहेर मात्र चिखल उघडा पडलेला आहे. ही खिडकी तिसऱ्या-चौथ्या पानावर रेखाटावी, तिच्याविषयी एक शब्दही लिहू नये, आणि त्याच चौकटीत नोकराच्या तोंडी एखादे झणझणीत वाक्य घालून वाचकाची नजर संवादाच्या फुग्याकडे वळवावी. भरलेली खाडी आधीच, मृतदेह सापडतो त्या दृश्यात, घड्याळासह दाखवलेली असावी. नाहीतर वाचकाला फसवल्यासारखे वाटेल आणि त्याची तक्रार रास्तच असेल.

छापील अंकात उलगडा सम क्रमांकाच्या, म्हणजे डावीकडील पानावर ठेवावा. पान उलटल्याखेरीज तो दिसत नाही. तिथे भाषण नको, दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी काढाव्यात.