बीटीएसच्या आधीचं केपॉप कसं ऐकायचं, सोलापूरच्या पोरापोरींसाठी

आपल्याकडं बहुतेक जण केपॉपमध्ये, म्हणजे कोरियन पॉप गाण्यांत, लॉकडाऊनमध्ये घुसले, कुणी बीटीएस ह्या पोरांच्या ग्रुपचं डायनामाइट ऐकून, कुणी ब्लॅकपिंक ह्या पोरींच्या ग्रुपचा डान्स बघून, आणि मग तिथंच फिरत राहिले. मागं जायचं म्हटलं की भीती वाटते, कारण ग्रुप शेकड्यानं आहेत, नावं सगळी इंग्रजी अक्षरांची, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. म्हणून हे लिहिलंय. भाषेचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका, आपल्या सोलापुरात पूर्वभागात गेलं की तेलुगू गाणी, अक्कलकोटकडं गेलं की कन्नड, शब्द न कळता गाणं डोक्यात बसायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे.

एकच प्रश्न सोबत ठेवा. गाणं लावलं की आधी विचारायचं, हे त्या काळी लोकांनी कशावर ऐकलं? टीव्हीवर, सीडीवर, मोबाईलच्या रिंगटोनवर, यूट्यूबवर की रीलवर? केपॉपची गाणी का बदलत गेली याचं निम्मं उत्तर मला तरी ह्याच प्रश्नात सापडतं. ग्रुपच्या पिढ्या, जनरेशन पहिली, दुसरी, तिसरी वगैरे पाठ करत बसू नका, फॅन लोक त्यावर भांडत असतात, ऐकण्यात त्याचा काही उपयोग होत नाही.

1992 च्या आधीचं एका संध्याकाळीत उरकलं तरी चालेल, पण सोडू नका. ट्रॉट नावाचा जुना प्रकार आहे, आवाज थरथरवत गायचा, रडवेला, ली नान-यंगचं 1935 चं मोकपो बंदरावरचं गाणं ऐका म्हणजे कळेल. मग कोरियन युद्ध झालं, अमेरिकन सैन्याचे तळ पडले, तिथं सैनिकांपुढं गाऊन कलाकार जाझ आणि रॉक शिकले, आणि ह्याच ली नान-यंगच्या दोन मुली आणि एक भाची किम सिस्टर्स म्हणून 1959 ला थेट लास व्हेगासला गेल्या. म्हणजे कोरियन पोरींचा ग्रुप अमेरिकेत जाणं हे काल परवाचं नाही. सत्तरच्या दशकात गिटारवाला शिन जुंग-ह्यन जोरात होता, पण 1975 ला सरकारनं त्याच्या गाण्यांवर बंदी घातली.

आता जिथं वेळ घालवायचा ती जागा, सो तायजी अँड बॉइज. तीन पोरं, 1992, टीव्हीवरच्या एका टॅलेंट कार्यक्रमात नान आरायो हे गाणं केलं आणि परीक्षकांनी मार्क अगदी कमी दिले. पण पब्लिकनं ते गाणं डोक्यावर घेतलं. हेडफोन लावून नीट ऐका, कडव्यात कोरियन भाषेतला रॅप, कोरस मात्र गायलेला, मध्येच गिटार, आणि डान्ससाठी मोकळी सोडलेली जागा. आजच्या कुठल्याही ग्रुपचं गाणं लावा, हाच साचा दिसतो, आणि हे एकदा कानाला सापडलं की पुढचं सगळं सोपं जातं. पुढं 1995 ला त्यांच्या एका गाण्याचे शब्द सेन्सॉरनं बदलायला लावले, तर त्यांनी शब्दच काढून टाकले आणि अल्बममध्ये नुसतं संगीत ठेवलं, फॅन चिडले, आणि 1996 ला गाण्यांची आधी तपासणी करायचा नियमच गेला. मला ही गोष्ट लई भारी वाटते, कारण केपॉप म्हणजे नुसती गोड पोरं आणि मेकअप असं म्हणणाऱ्यांना ही माहितीच नसते. ह्याच ग्रुपचं कम बॅक होम 1995 चं मूळ ऐका आणि लगेच बीटीएसनं 2017 ला केलेलं ऐका, बावीस वर्षांचा फरक एका बैठकीत कळतो.

सो तायजी 1996 ला रिटायर झाला आणि त्याच वर्षी कंपन्यांचा काळ सुरू झाला. ली सू-मान यांच्या एसएम ह्या संगीत कंपनीनं एचओटी हा ग्रुप आणला, सो तायजीच्या ग्रुपमधल्याच यांग ह्यन-सकनं वायजी कंपनी काढली, 1997 ला जेवायपी कंपनी आली. पोरं लहानपणी निवडायची, कित्येक वर्षं गाणं, नाच, भाषा शिकवायची आणि मगच डेब्यू, म्हणजे लोकांसमोर पदार्पण, ही ट्रेनीची पद्धत इथं पक्की झाली. ह्या काळातलं नुसतं ऐकू नका, बघा, कारण हे टीव्हीसाठी बनलंय. केबीएस आणि एसबीएस ह्या कोरियन टीव्ही चॅनेलांनी त्यांचे जुने कार्यक्रम यूट्यूबवर टाकलेत, त्यातलं एचओटीचं कँडी काढा, जाड टोप्या, मोठे हातमोजे, सगळं गोड गोड. प्रेक्षकांत फुगे दिसतील, एचओटीचे पांढरे, सेक्सकीस ह्या दुसऱ्या ग्रुपचे पिवळे, आज फॅन हलवतात त्या चमकत्या लाइटस्टिकचं मूळ तेच. आणि डान्स बघताना एकाच मेंबरवर नजर ठेवू नका, मिरवणुकीत लेझीमचं पथक बघताना आपण अख्खी रांग एकदम वळते का ते बघतो ना, तसं बघा.

1997 च्या शेवटी कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली, आयएमएफकडून कर्ज घ्यावं लागलं, आणि देश लहान, बाजार लहान, म्हणून कंपन्यांनी बाहेर बघायला सुरुवात केली. बोआ ही पोरगी 2000 ला तेराव्या वर्षी डेब्यू करते आणि 2002 ला ऑरिकॉन ह्या जपानच्या खपाच्या यादीत तिचा अल्बम पहिला येतो, तोही जपानी भाषेत गाऊन. तिचं एक कोरियन आणि एक जपानी गाणं ऐका, बास, पुढं चला.

मग सीडीचा खप पडला, लोक एकेक गाणं डाउनलोड करून रिंगटोन लावायला लागले आणि गाण्याचा आकारच बदलला. वंडर गर्ल्सचं टेल मी, 2007. गर्ल्स जनरेशनचं जी, 2009. तोच तोच शब्द, तोच तोच ठेका, पहिल्या काही सेकंदात पकडणार, दोनदा ऐकलं की दिवसभर तोंडात. काही जण ह्याला हलकं समजतात, मला ते पटत नाही, इतकं साधं आणि इतकं चिकट गाणं बांधायला डोकं लागतं. त्याच 2009 ला नोबडी ह्या गाण्यामुळं वंडर गर्ल्स बिलबोर्ड हॉट 100 ह्या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत 76 व्या नंबरवर गेल्या, तिथं पोचलेला पहिला कोरियन ग्रुप तो.

इथं थोडं थांबून गाण्याच्या बाहेरचं एक समजून घ्या, नाहीतर आपला आवडता ग्रुप सात वर्षांनी का फुटतो ते कळणार नाही. 2009 ला टीव्हीएक्सक्यू ह्या पोरांच्या ग्रुपच्या तीन मेंबरांनी तेरा वर्षांच्या करारावरून कंपनीला कोर्टात खेचलं, आणि त्याच वर्षी सरकारी आयोगानं सात वर्षांचा नमुना करार आणला. म्हणून सातवं वर्ष आलं की फॅनच्या पोटात गोळा येतो.

2012 ला गंगनम स्टाईल, हे आपल्या वरातीतपण वाजलंय, जास्त सांगायला नको. एवढंच लक्षात ठेवा की ते गाणारा साय हा आयडॉल, म्हणजे कंपनीनं ट्रेनी म्हणून घडवलेला स्टार, नव्हता, दहा वर्षं जुना गायक होता, आणि यूट्यूबवर एक अब्ज व्ह्यूज गाठणारा तो पहिला व्हिडिओ. टीव्हीवाल्यांना न विचारता जगभर पोचता येतं हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आता बीटीएसकडं परत या, पण डायनामाइटपासून नाही, 2013 च्या जून महिन्यातल्या डेब्यूपासून. छोटी कंपनी, टीव्हीवर फार जागा नाही, म्हणून पोरं ट्विटरवर, व्हिडिओ ब्लॉगवर स्वतः बोलत राहिली. सुरुवातीची गाणी रॅपची, शाळा, परीक्षा, आईबापाची स्वप्नं यावर चिडलेली, आणि सो तायजी ऐकून आलात तर ह्या चिडण्याचं नातं लगेच ओळखू येईल. मग 2018 ला लव्ह युअरसेल्फ टिअर हा अल्बम बिलबोर्ड 200 ह्या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत पहिला, 2020 ला डायनामाइट हॉट 100 वर पहिलं, आणि ते पूर्ण इंग्रजीत. हे आधी ऐकलेलंच असेल, पण आता वेगळं ऐकू येईल.

आजकालचं शेवटी ठेवा. न्यूजीन्स हा पोरींचा ग्रुप 2022 चा, बरीच गाणी तीन मिनिटांच्या आतली, ओरडणं नाही, उंच सूर नाही, आणि रीलमध्ये कापून टाकता येईल असा डान्सचा तुकडा. मेंबरही आता फक्त कोरियाचे राहिले नाहीत, ब्लॅकस्वान ह्या ग्रुपमध्ये 2022 ला ओडिशाची श्रिया लेंका आली. ह्या गाण्यांच्या यादीत प्रत्येक नवीन गाण्यानंतर एक जुनं लावा, मोबाईलवर शफल बंद करून, आणि डान्स बघायचा असेल तर म्युझिक व्हिडिओऐवजी स्टेजवरचा परफॉर्मन्सच काढा.