बेळगाव शहर वर्षाला किती कमावतं? घरबसल्या मांडायचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्यांचे, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांचे हिशेब लिहिण्यात माझी बावीस वर्षं गेली. गेल्या दिवाळीला पुण्याहून भाचा आला आणि जेवताना म्हणाला, "आत्या, तुमच्या बेळगावचा जीडीपी किती?" बघून सांगते म्हटलं. बघायला गेले तर आकडा कुठेच नाही. आपल्याकडे देशाचा निघतो, राज्याचा निघतो, जिल्ह्याचाही निघतो. शहराचा वेगळा सरकारी आकडा छापत नाहीत. अमेरिकेत काउंट्यांचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचे आकडे जोडून महानगरांचे दरवर्षी काढतात. आपल्याला पाहिजे तर आपणच मांडायचा. मी तीन महिने रविवारी मांडत बसले. कसा, ते लिहिते.

आधी हद्द ठरवा. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या सुमारे ४ लाख ९० हजार आहे आणि भोवतालचा भाग धरून नागरी समूहाची सुमारे ६ लाख १० हजार. उद्यमबाग हद्दीच्या आत, मच्छे आणि होनगा या औद्योगिक वसाहती बाहेर, कॅन्टोन्मेंटचं बोर्ड निराळं. आता मच्छेच्या शेडमध्ये लेथवर काम करणारा माणूस राहतो अनगोळमध्ये, किराणा भरतो रविवार पेठेत, पोरगी शिकते टिळकवाडीत. त्याची शेड बाहेरची म्हणून सोडून दिली तर हिशेब कसला राहिला? रोज कामाला जाऊन रात्री घरी परत येता येतं तेवढा पट्टा एक शहर, असं मी धरलं. तुम्ही दुसरं धरा, हरकत नाही. फक्त वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहून ठेवा. पुढे आकडा कमी वाटला की हद्द वाढवायचा मोह होतो. मला झाला.

मग काय मोजायचं? उलाढाल नव्हे, भर: विक्रीतून बाहेरून घेतलेल्या माल-सेवांचा खर्च वजा करून उरतं ते. सगळ्यांची भर जोडली की शहराचा जीडीपी. समजा एका फौंड्रीने वर्षात १ कोटीचं कास्टिंग विकलं. पिग आयर्न, स्क्रॅप, वाळू, वीज, बाहेरून करून घेतलेलं जॉबवर्क यांवर ६८ लाख गेले. म्हणजे फौंड्रीने घातलेली भर ३२ लाखांची. पगार, व्याज, घसारा, मालकाचा नफा, सगळं त्यातूनच निघतं. तेच कास्टिंग मच्छेच्या मशीनशॉपने १ कोटीला घेतलं, टूल आणि विजेवर १० लाख घातले आणि १ कोटी ३० लाखांना विकलं, तर त्याची भर २० लाख. दोघांची मिळून ५२ लाख. नुसती विक्री जोडणारा मात्र २ कोटी ३० लाख सांगून मोकळा होतो. पेपरात 'अमुक कोटींची उलाढाल' दिसली की मी पान उलटते.

हिशेब लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना: पगार वजा करू नका. आपल्या नफातोटा पत्रकात पगार खर्चाच्या बाजूला असतो, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो. पहिल्या रविवारी मी तीच चूक केली आणि अख्ख्या उद्यमबागेची भर एवढीशी निघाली.

मागाचा हिशेब मला घरातच शिकायला मिळाला. सासऱ्यांचे वडगावात चार पॉवरलूम आहेत. मी वही घेऊन विचारलं, "मामा, वर्षाला साड्या किती निघतात?" ते म्हणाले, "साड्या मोजून काय करतीस? मजुरी मोज की." पुस्तकातलं पान एका वाक्यात उलगडलं. सूत सावकाराचं, म्हणजे काम देणाऱ्या व्यापाऱ्याचं, साडीही त्याचीच; आमच्या घरात येते ती मजुरी. त्यातून लाइट बिल, तेल, शटल-पिकरचा खर्च काढला की उरते ती आमच्या चार मागांची भर. साडी दुकानात कितीला जाते याच्याशी या ओळीचा संबंध नाही. तो सावकाराच्या आणि दुकानदाराच्या ओळीत येईल. सासूबाई कांड्या भरतात, त्यांना वेगळा पगार नाही, तरी त्यांचे कष्ट या मजुरीत आलेच. त्याच सासूबाई दोन वेळचा स्वयंपाक करतात, तो मात्र जीडीपीत कुठेच येत नाही. हे त्यांना सांगितलं नाही.

असे चार मागवाले सरकारी पाहणीत कुठे सापडतात? उद्योगांच्या वार्षिक पाहणीत सापडत नाहीत. तिच्यात मुख्यतः वीज वापरून १० किंवा अधिक कामगार, विजेशिवाय २० किंवा अधिक कामगार असलेले नोंदणीकृत कारखाने येतात. उरलेल्यांसाठी असंघटित उद्योगांची वेगळी पाहणी होते. तिच्यातून दर कामगारामागे किती भर पडते ते घ्यायचं आणि शहरातल्या कामगारसंख्येने गुणायचं. संख्या मी सहाव्या आर्थिक गणनेतून, म्हणजे धंदे आणि त्यांतले कामगार यांच्या सरकारी मोजदादीतून घेतली. ती २०१३-१४ ची, म्हणजे जुनी. शिवाय तिच्यात पिकांची शेती, सरकारी प्रशासन आणि संरक्षण धरलेलंच नाही.

बेळगावात हे शेवटचं महागात पडतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथे, सांबऱ्याला हवाई दल, २०१२ पासून सुवर्णसौध ही राज्य विधिमंडळाची इमारत, वर कचेऱ्या. सरकारी कामाला बाजारभाव नसतो, म्हणून तिथले पगार आणि इमारती-यंत्रांचा घसारा यांची बेरीज हीच त्यांची भर मानतात. पैसा दिल्लीहून येवो की बेंगळुरूहून, काम इथे होतं म्हणून भर इथली. लष्कराचे पगार आपल्याला कोण सांगणार? मी मनुष्यबळाचा ढोबळ अंदाज घेतला आणि त्या ओळीपुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

ही झाली खालून वर जायची रीत. दुसरी वरून खाली. कर्नाटकाचं आर्थिक व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचं उत्पन्न क्षेत्रवार काढतं. २०१४ च्या १ नोव्हेंबरपूर्वीच्या तक्त्यांत नाव 'बेलगाम' असतं, तेव्हा शोधताना दोन्ही नावं टाका. तालुकावार तक्ता मागायला मी एका कचेरीत गेले. तीन खिडक्या फिरवून पहिल्या खिडकीवर परत आणलं.

जिल्हा मोठा, २०११ ला सुमारे ४७ लाख ८० हजारांचा. अथणी, रायबाग, चिकोडीचा ऊस, तिकडचे साखर कारखाने, निपाणीचा तंबाखू, गोकाकची गिरणी यातलं काही शहराचं नाही. आधी ते बाजूला काढा. मग व्यापार, वाहतूक, शिक्षण, दवाखाने अशा एकेका क्षेत्रातले जिल्ह्याचे किती टक्के कामगार शहरात आहेत ते बघून तेवढा वाटा शहराला द्या. बँकांना हे लावू नका, तिथे ठेवी आणि कर्जं बघा. आणि ध्यानात ठेवा की जिल्ह्याचा आकडासुद्धा काही क्षेत्रांत राज्याच्या आकड्याची वाटणी करूनच आलेला असतो. आपण करतो ती वाटणीची वाटणी. यात शहराला सहसा कमी मिळतं, कारण शहरातल्या मोठ्या इस्पितळातली नर्स आणि खेड्यातल्या दवाखान्यातली नर्स इथे एकाच वजनाने मोजली जाते.

सीमेवर राहणाऱ्यांना आणखी एक गुंता सोडवावा लागतो. जीएसटी नंबर २९ ने सुरू झाला की कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. रोज तिन्ही माझ्या टेबलावर असतात. आमच्या पश्चिमेकडच्या गावातला पोरगा शिनोळीच्या कारखान्यात जातो, तर त्याच्या कामाची भर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या खात्यात. तो पगार त्याने खडेबाजारात उडवला तरी बेळगावच्या वाट्याला येतो तो दुकानदाराच्या खरेदी-विक्रीतला फरक तेवढा. उलट चंदगडचा पेशंट इथे येऊन ऑपरेशन करून गेला की ती भर बेळगावची. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला भाजी जाते. शेतकऱ्याचा भाग त्याच्या गावाचा, अडत आणि ट्रकचं भाडं शहराचं. काम जिथे झालं तिथे मोजायचं, पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते विसरायचं. जीएसटीच्या विक्रीवरून थेट भर काढू नका. शिक्षण, उपचार, सुटी भाजी करमुक्त आहेत, आणि अनेक शाखांच्या कंपनीचा साधारणपणे राज्यभर एकच नंबर असतो, तो बहुधा बेंगळुरूच्या पत्त्यावर.

पडताळ्याला उपग्रहातून दिसणारे रात्रीचे दिवे वापरतात. १९९२ ते २०१३ च्या जुन्या चित्रांत उजेडाची मोजणी ६३ वर अडते, त्यामुळे गजबजलेली बाजारपेठ आणि तिच्याहून लखलखीत जागा सारख्याच दिसतात. २०१२ पासूनची नवी चित्रं बरी. तरी कॅन्टोन्मेंट झाडीत काळोखं दिसतं, आणि पगार तर तिथे मोठा. विजेचंही तसंच. इंडक्शन भट्टी वीज खाते, कोचिंग क्लास खात नाही. म्हणून वीज एका धंद्याची वर्षावर्षांत ताडून बघा, दोन धंदे एकमेकांशी नको. आणि लोखंड महागलं की कास्टिंग तेवढंच निघूनही आकडा फुगतो. दोन वर्षांची तुलना करायची तर स्थिर किमतीचा, म्हणजे दोन्ही वर्षांना एकाच ठरावीक वर्षाचे भाव लावून काढलेला आकडा घ्या.

माझे दोन रीतींचे आकडे जुळले नाहीत. लष्कराची ओळ तर होतीच, पण मोठा फरक घरांचा निघाला. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचंही भाडं धरावं लागतं, जणू तो स्वतःलाच भाडं देतो, आणि ते मी खालून मोजताना विसरले होते. मग टिळकवाडीतले भाड्याचे दर विचारायला एका दलालाकडे गेले. त्याला वाटलं मलाच घर पाहिजे. तीन घरं दाखवली, एकात तर चहाही झाला. दर मिळाले.