सांधेबदलानंतर रक्त लागेल का? अंदाज बांधताना या चुका टाळा

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सीबीसीचा (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीचा) रिपोर्ट येतो, हिमोग्लोबिन १०.५ निघतं आणि धावपळ सुरू होते: 'दोन पिशव्या रक्त क्रॉसमॅच करून (रुग्णाच्या रक्ताशी जुळवून) ठेवा.' सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. पुढे रक्त लागेल का, याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे ऑपरेशनपूर्वीचं हिमोग्लोबिन. पण ते चार-सहा आठवडे आधी पाहिलं तरच कामाचं. तेवढ्या वेळात फेरिटिन ही लोहाच्या साठ्याची तपासणी बघून (३०च्या खाली असेल तर साठा संपलाय) गोळ्यांनी किंवा शिरेतून लोह देता येतं. आदल्या रात्री काय देणार? आणि लोह गेलं कुठे, तेही शोधा. वर्षानुवर्षं सांधेदुखीच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या पोटातून थोडं थोडं रक्त जात असू शकतं.

बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ 'नॉर्मल' म्हणून सोडून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ते बसतं खरं, पण खुबा बदलताना रक्त काही बाई-पुरुष बघून वाहत नाही. दोघांसाठी १३ धरलेलं बरं.

वजन तर हिशोबातच घेतलं जात नाही. किलोमागे साधारण ६५ ते ७० मिली रक्त असतं. म्हणजे ४५ किलोच्या आजींकडे जेमतेम ३ लिटर, ८० किलोच्या गृहस्थांकडे साडेपाचच्या आसपास. दोघांचंही ९०० मिली गेलं, तर आजींचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला, गृहस्थांचा सहावा. रिपोर्टवर मात्र दोघांचं हिमोग्लोबिन १२च!

गुडघा बदलताना टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा घट्ट पट्टा) बांधलेलं असतं, त्यामुळे टेबलावर रक्त दिसत नाही. ते नंतर सांध्यात, स्नायूंत मुरतं. पहिल्या दिवशीचा आकडा बघून निश्चिंत झालात तर फसाल. हिमोग्लोबिनचा तळ बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी गाठला जातो.

रक्त लागण्याचा अंदाज देणारा तयार स्कोअर वापरताना तो कधीचा आहे ते बघा. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध रुळण्याआधीच्या रुग्णांवर बेतलेला असेल, तर धोका फुगवून दाखवेल. दोन्ही गुडघे एकदम किंवा जुना कृत्रिम सांधा काढून नवा बसवायचा असेल, तर मात्र पिशव्या हाताशी हव्यातच.

शेवटची सवय, हिमोग्लोबिन १०च्या खाली गेलं की रक्त चढवायचंच. फोकस या २०११च्या चाचणीत खुब्याचं हाड मोडलेल्या, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या वयस्कर रुग्णांतही ८पर्यंत थांबल्याने नुकसान दिसलं नाही. छातीत दुखतंय, उभं राहताच चक्कर येतेय, सलाईन देऊनही नाडी धावतेय, तर थांबू नका. एक पिशवी द्या, पुन्हा तपासा. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ने वाढतं. आजींचं थोडं जास्तच.