बाळंतपणात सही करायच्या आधी काय विचारायचं

माझ्या पहिल्या वेळी रात्री दोनला सिस्टर पॅड घेऊन आल्या, फॉर्म सगळा कन्नडमधे, बोटानं जागा दाखवून "इल्लि सही माडरी" म्हटल्या आणि आमच्या ह्यांनी मांडीवर धरून सही ठोकली पण. पेन चालेना म्हणून दोनदा गिरवली. कशावर सही केली ते दोघांनाही माहीत नाही. त्यामुळं पहिली गोष्ट, हे सगळं कळा यायच्या आधी करायचं, आठव्या महिन्यात चेकअपला जाल तेव्हाच डॉक्टरांना म्हणायचं की तुमचा सहीचा फॉर्म दाखवा, आणि कन्नड वाचणारं घरातलं शेजारचं कोणीतरी सोबत न्यायचं. आमच्या कर्नाटकातल्या बेळगाव भागात, खानापूर, निपाणीकडं असं एखादं माणूस मिळतंच की. आशाताईंना विचारलं तरी चालतं.

विचारायचं काय? हे कशासाठी, न करता तासभर थांबलो तर काय होईल, आणि दुसरं काही करता येतं का. बास, एवढंच. कन्नडमधे "याक बेकरी?" (कशाला पाहिजे?) म्हटलं तरी पुरतं, आणि चिडून न विचारता नीट विचारलं तर बहुतेक डॉक्टर सांगतात.

आता एकेक. कळा येण्यासाठी सलाईनमधून औषध लावतात, त्यानं कळा जोरात येतात आणि बाळाचे ठोके सारखे बघावे लागतात, तर आधी विचारा की आत्ता लावायचं कारण काय. तारीख उलटून दोन दिवस झाले एवढंच असेल आणि आई-बाळ ठीक असतील तर थांबता येतं का ते विचारा, ४१ आठवडे पूर्ण झाले किंवा बीपी वाढलं असेल तर गोष्ट वेगळी. "पिशवीचं तोंड उघडंना" हे पण लई ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मधे सांगितलंय की खऱ्या जोराच्या कळा ५ सेंटीमीटरपासून धरायच्या आणि तासाला १ सेंटीमीटर उघडलंच पाहिजे असं काही नाही, तिथून पुढं पहिलटकरणीला १२ तास लागू शकतात. म्हणजे ३ सेंटीमीटरला चार तास अडकलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, बाळाचे ठोके चांगले आहेत ना एवढं विचारा.

खाली कट देऊन टाके घालणं पण सरसकट करायची गोष्ट नाही, गरज पडली तरच, आणि ते जागा बधिर करून. बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवायला मांडीत इंजेक्शन देतात, त्याला मात्र अजिबात नको म्हणू नका, जीव वाचवणारं आहे ते.

नाळ गळ्याभोवती आहे म्हणून सीझर, असं कुणी म्हटलं तर अजून एकदा विचारा, नुसती नाळ असणं हे कारण होत नाही, बऱ्याच बाळांना असते. वार पिशवीच्या तोंडावर आहे, मूल आडवं आहे, नाळ आधी खाली आली, बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, ही कारणं खरी, तिथं प्रश्न विचारत बसायचं नाही, सही करायची आणि आत सोडायचं. आणि पंचांग बघून अडतिसाव्या आठवड्यात सीझर ठरवणाऱ्या सासवांना माझा हात जोडून नमस्कार, ३९ आठवडे तरी भरू देत ओ, बाळाच्या फुफ्फुसांना मुहूर्त कळत नाही.

पैशाचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा या सरकारी योजनेखाली सीझरसकट सगळं फुकट आहे, औषधं, रक्त, नेणं-आणणं, आणि नॉर्मलला ३ दिवस, सीझरला ७ दिवस जेवण. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड, सामानाच्या पिशवीत वरच ठेवा. सोबत एक बाईमाणूस आत घ्या म्हणून आधीच सांगून ठेवा, वेदनेत आपल्याला काही सुचत नाही, ती विचारते.

घरी येताना डिस्चार्ज कार्डावर सीझर का केलं आणि पिशवीवर छेद कसा घेतला ते लिहून घ्या. पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा की नाही ते बरंचसं त्यावर ठरतं. माझ्या कार्डावर नुसतं एलएससीएस, म्हणजे पिशवीच्या खालच्या भागावर छेद घेऊन केलेलं सीझर, कारण काही नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं पहिलं सीझर कशामुळं, मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "मला काय म्हाईत, सही करा म्हटले, केलो."